एका संध्याकाळी संपणारे पुस्तक

जेवायला आठ जणांना बोलवायचे आणि प्रत्येकाला एक भूमिका द्यायची. गोष्टीतला खून आधीच झालेला असतो, खुनी या आठांतलाच असतो आणि पंगत उठेपर्यंत त्याला हुडकायचे असते. इंग्लंड-अमेरिकेत हा खेळ खोक्यात भरून खेळण्यांच्या दुकानांत विकला गेला, म्हणून त्याची गणना खेळांत होते. माझ्या मते मात्र त्याचा इतिहास ग्रंथव्यवहाराचा आहे. एकदा वाचला की संपला असा मजकूर विकायचा कसा, ही प्रकाशकाची अडचणच त्याला आकार देत आली.

लंडनच्या हचिन्सन प्रकाशनाने १९३६ साली डेनिस व्हीटली यांचे ‘मर्डर ऑफ मायामी’ काढले. मूळ कल्पना त्यांचे मित्र जे. जी. लिंक्स यांची. नेहमीच्या कादंबरीऐवजी वाचकाच्या हाती पोलिसांची फाइलच पडे: अहवाल, तारा, छायाचित्रे आणि चक्क केस, आगकाडी, डाग पडलेला पडद्याचा तुकडा. उत्तराची पाने बंद केलेली. १९३९ पर्यंत अशा चार फायली निघाल्या. युक्ती झकास होती, पण प्रत्येक प्रतीत खरे पुरावे घालण्याचा खटाटोप करायचा आणि उत्तराची पाने फाडताच सगळा डाव आटोपायचा. कोणी म्हणेल, रहस्यकथा तरी दुसऱ्यांदा कोण वाचतो? पण ती शेजाऱ्याला देता येते, आणि खुनी माहीत असूनही लेखणीच्या गोडीसाठी पुन्हा उघडता येते. पाने फाडलेल्या फायलीत कोडे तेवढे होते, आणि ते सुटलेले असे.

याला ‘क्लूडो’ हे रोकडे उत्तर वाटते. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांचा हा पट लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीने १९४९ मध्ये विक्रीस आणला. सहा संशयित, सहा हत्यारे, नऊ खोल्या. पत्ते पिसले की ३२४ शक्यता, म्हणजे खेळ कधी शिळा होत नाही. मात्र त्यासाठी गोष्टीचा बळी द्यावा लागला. ‘क्लूडो’त खून का झाला, हे कोणी विचारतच नाही, कारण हेतू पिसता येत नाही. ज्यांना मत्सर, वारसाहक्क, जुनी प्रकरणे हवी होती त्यांना लिहिलेला मजकूरच लागणार होता. अमेरिकेतल्या डिसायफर कंपनीने १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘हाउ टू होस्ट अ मर्डर’ मालिकेने तो आठ पुस्तिकांत वाटून टाकला. प्रत्येकाला आपली गुपिते आणि इतरांबद्दलची कुजबुज ठाऊक. पूर्ण गोष्ट कोणाजवळच नाही. वाचन असे एकट्याचे न राहता पंगतीचे झाले. शिवाय खोके एका रात्रीत संपते, म्हणूनच पुढचे विकत घ्यावे लागते. मालिका काढण्यामागचा हिशेब हाच. आता, या खेळाची आवड पुस्तकांनी नव्हे, हॉटेलांनी लावली असा एक आक्षेप आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या मोहोंक हॉटेलात १९७७ पासून रहस्याचे शनिवार-रविवार रंगत, हे खरेच. पण ते सुरू करणाऱ्या डिलिस विन न्यूयॉर्कमध्ये ‘मर्डर इंक’ हे रहस्यकथांचे पुस्तकदुकान चालवलेल्या बाई होत्या.

अडचणीची सर्वांत हुशार सोडवणूक चीनमध्ये झाली. तिथे भाषांतरित खेळांपासून सुरुवात होऊन ‘जुबेनशा’ हा लिखित संहितेवर खेळायचा खुनाचा खेळ फोफावला. २०१६ मधल्या ‘हू इज द मर्डरर’ या कार्यक्रमाने तो घरोघरी पोचवला. खेळणारे पैसे भरून दुकानात येतात आणि संहिता विकत घेते ते दुकान. खेळून गेलेल्यांपुरती गोष्ट संपते. उद्या नवी मंडळी येतात. संहितेच्या आवृत्त्याही त्या हिशेबाने: कोणालाही मिळणारी खोक्यातली, एका शहरात मोजक्याच दुकानांना दिली जाणारी आणि एकाच दुकानाला मिळणारी, चढत्या भावाने. चोरून छापलेली प्रत इथे जास्त झोंबते, कारण दुकान पैसे मोजते ते दुर्मिळतेचे. सरकारनेही हा व्यवहार मजकुराचाच मानला: १ मार्च २०२२ पासून शांघायमध्ये दुकानांना आपल्या संहितांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले.