मेंदूत भीतीचं बटण नसतं

गणपतीत डीजे दणाणू लागला आणि घरचं कुत्रं पलंगाखाली शिरलं, की रायपूरच्या आमच्या मराठी मंडळींत कुणी तरी सांगतंच : "मेंदूत अमिग्डाला असतो ना, ते भीतीचं बटण. दाबलं की चिंता, बंद केलं की शांती." व्हॉट्सअ‍ॅपवर हे बटण बंद करायचे उपायही फिरतात. अहो, असं बटण नाही!

2011 साली 'नेचर'मध्ये के टाय, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांच्या अमिग्डालाच्या एका भागातल्या पेशी त्यांनी प्रकाशाने चेतवल्या. पेशी सरसकट चेतवल्या तेव्हा उंदीर जास्त बिचकले. पण त्याच पेशींचे मध्यवर्ती अमिग्डालाकडे जाणारे तंतू तेवढे चेतवले, तर उंदीर उघड्यावर बिनधास्त फिरू लागले. ते तंतू रोखल्यावर पुन्हा भित्रेपणा. जयस्तंभ चौकातला माणूस बाजारात जाणार की घरी, हे चौक ठरवत नाही. तो कुठल्या रस्त्याला लागला त्यावर ते ठरतं.

आता 'बिचकले' हे कळतं कसं? जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखी चौकट असते, दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. चिंतातुर उंदीर भिंतींआड जास्त रेंगाळतो. मोजलं जातं ते वागणं; उंदराच्या मनात काय चाललंय ते नव्हे.

शिवाय वयाचाही प्रश्न आहे, आणि बटणवाल्यांची खरी पंचाईत इथेच होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांच्या जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक पेशी औषध देऊन रोज चेतवल्या. पिल्लं मोठी झाल्यावरही चिंताग्रस्त वागत राहिली. हाच खटाटोप किशोर किंवा प्रौढ वयात केला, तेव्हा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही ('ईलाइफ', 2020). म्हणजे पेशी त्याच, चेतवणंही तेच, फक्त वय वेगळं.

"चार दिवस आराम केला की मेंदू ताळ्यावर येतो" हेही ऐकतो. बंगळुरूत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या दुसऱ्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डालातल्या वाढल्या. एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डालातली वाढ आणि चिंता मात्र कायम होती.

अमिग्डालाच नसेल तर भीतीच नाही? 'एसएम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन बाईचे दोन्ही अमिग्डाला निकामी आहेत. साप-कोळ्यांना ती घाबरत नाही, पण पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगायला दिल्यावर तिचाही थरकाप उडाला.

मग पलंगाखाली शिरलेलं कुत्रं नाटक करतं? नाही. फक्त त्यामागे एकच बटण नाही.

आणि उंदराला लागू पडलेली गोळी माणसालाही लागू पडेलच, असं समजू नका. चिंतेवरची कितीतरी औषधं उंदरांत पास होऊन माणसांच्या चाचण्यांत आपटली आहेत.