तबकडीचे परीक्षक

पगारातून काटकसरीने बाजूला ठेवलेल्या पैशांत एकच तबकडी घेता येत असेल, तर ती कोणती घ्यावी? ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणाचा इतिहास या अगदी संसारी प्रश्नापासून सुरू होतो. सौंदर्यशास्त्र त्यात मागाहून आले.

1923 च्या एप्रिलमध्ये कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकाराने आपले मेहुणे ख्रिस्टोफर स्टोन यांच्या साहाय्याने इंग्लंडमध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढले. त्या काळी ग्रामोफोन म्हणजे एक करमणुकीचे यंत्र, असेच अनेक संगीतज्ञ मानीत. तबकडीच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. तीन मिनिटांत कोंबलेला ख्याल ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बीथोव्हेनच्या सिंफनीचे काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. कंपनीच्या सूचीपत्रकात तर प्रत्येक गायक अद्वितीयच असावयाचा! त्या स्तुतिपाठापासून ग्राहकास सोडविण्याचे काम मासिकाने अंगावर घेतले. अर्थात त्याच कंपन्यांच्या जाहिराती त्याच्या पानांवर झळकत, ही अडचण या व्यवसायास जन्मापासूनच चिकटलेली आहे. परंतु मॅकेंझी केवळ शेरे मारून थांबले नाहीत. कंपन्यांना न परवडणाऱ्या रचना संपूर्ण ध्वनिमुद्रित करण्यासाठी त्यांनी 1924 मध्ये वर्गणीदारांची नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी उभी केली. परीक्षकाने पदरमोड करावी, हे दृश्य पुढे फारसे दिसले नाही.

1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली आणि प्रश्नाचे रूपच पालटले. एकाच सिंफनीच्या अनेक आवृत्त्या बाजारात आल्या. कोणती रचना घ्यावी, याऐवजी कोणाची घ्यावी, असे विचारले जाऊ लागले. एडवर्ड सॅकव्हिल-वेस्ट व डेस्मंड शॉ-टेलर यांचा ‘द रेकॉर्ड गाइड’ हा जाडजूड ग्रंथ 1951 मध्ये याच गरजेतून निघाला. ही परंपरा पुढे एडवर्ड ग्रीनफील्ड, रॉबर्ट लेटन आणि आयव्हन मार्च या त्रयीने घरोघरी नेली. 1975 पासून पेंग्विनने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या मार्गदर्शिकांत तीन तारका म्हणजे उत्कृष्ट. आणि तर्काच्या पलीकडे मन जिंकणाऱ्या एखाद्या मुद्रिकेला एक गुलाबपुष्प. हे पुष्प म्हणजे परीक्षकाची वैयक्तिक आवड होय, अशी प्रांजळ कबुलीही ते देत.

अमेरिकेत रॉक संगीताच्या परीक्षकांनी मात्र हा शिष्टाचार झुगारला. रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी 1969 पासून न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये चार-पाच ओळींचे परीक्षण लिहून त्यापुढे, शाळामास्तरने उत्तरपत्रिकेवर द्यावी तशी, ए-बी-सी अशी श्रेणी देण्यास प्रारंभ केला. सदराचे नाव ‘ग्राहक-मार्गदर्शिका’. उपभोगास नाक मुरडणाऱ्या तरुण पिढीला काढलेला तो चिमटाच होता. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने लेड झेपेलिन या पथकाची पहिली तबकडी झोडपून काढली. पुढील काळात त्याच संस्थेच्या मार्गदर्शिकेने तिच्यावर तारकांची उधळण केली. परीक्षक चुकला, हे खरे. पण चूक छापील होती, सही-शिक्क्यानिशी होती. म्हणून ती पकडता आली.

आज तबकडी विकत घेण्याची गरजच बहुतेकांना उरलेली नाही. अल्प वर्गणीत, कित्येकदा फुकटही, लक्षावधी गीते ऐकावयास मिळतात, आणि पुढचे कोणते ऐकावे हे संगणक परस्पर ठरवितो. पेंग्विनची संगीत-मार्गदर्शिका 2010 च्या सुमारास थांबली. ‘द ग्रामोफोन’ मात्र शंभरी ओलांडून निघते आहे. संगणकाच्या शिफारशीखाली कोणाचीही सही नसते. हे गीत का सुचविले, असे त्यास कोणी विचारीत नाही, आणि दहा वर्षांनी त्याची चूक दाखवावी तर तिची नोंदही श्रोत्याच्या हाती राहत नाही. पेंग्विनचे जुने खंड मात्र परदेशातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अजून मिळतात. पूर्वीच्या मालकाने गुलाबपुष्पापुढे पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्हही कधी कधी त्यांत आढळते.