कोपींतील हिंवाळा

दसरा-दिवाळीचे दिवस सरले कीं आपल्या घरांतून ट्रंका उघडल्या जातात, रजया व लोकरीचे कपडे उन्हांत पडतात, आणि वडील मंडळींचीं अंथरुणें वाऱ्याच्या खिडकीपासून दूर सरकविलीं जातात. नेमक्या याच सुमारास बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें आपलीं दगडमातीचीं घरें म्हाताऱ्या माणसांच्या हवालीं करून, किंवा कुलुपें लावून, पांचसहा महिन्यांसाठीं उघड्या रानाची वाट धरतात. थंडी येऊं लागली म्हणजे आपण घरांत शिरतों. हीं माणसें घराबाहेर पडतात.

हे लोक म्हणजे ऊंसतोड मजूर. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी इत्यादि तालुक्यांतील डोंगरपठारावर पाऊस बेताचा आणि जमीन हलकी. खरिपाचें पीक घरांत आलें कीं हातांना काम उरत नाहीं. उलटपक्षीं पश्चिमेकडे नीरा, प्रवरा, कृष्णा यांच्या पाण्यावर ऊंस डोलत असतो. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. पुढें कारखान्यांची संख्या वाढत गेली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटांतून निघणारी ही वाट अधिकच रुंद झाली. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्या कोयत्यास विश्रांति माहीत नसते.

फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर जें घर उभें राहतें त्याचें नांव कोपी. बांबू दोन्ही अंगांनीं रोवून माथ्याशीं बांधावयाचे, त्यांवर चटया किंवा उंसाचें पाचट टाकावयाचें, आणि अलीकडे त्यावर प्लॅस्टिकचा कागद ओढून कडांना दगड ठेवावयाचे, एवढाच काय तो खटाटोप. आंत वांकून शिरावें लागतें. एका बाजूस गोधड्यांची चळत, पिठाचा डबा, चार भांडीं. दुसऱ्या बाजूस निजण्याची जागा. दाराशीं तीन दगडांची चूल.

अशा घरांत ऊब कशी राखतात, हें गृहिणींनीं समजून घेण्यासारखें आहे. कोपीचा बुटकेपणा गरिबींतून आलेला असला तरी थंडींत तो उपयोगी पडतो. आंतील हवा थोडी असल्यानें माणसांच्या अंगच्या उबेनेंच ती तापते. पाचटाच्या जाड थरांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहसा बाहेर जाऊं देत नाहीं. लोकरीचा गुण तो हाच. निजलेल्या माणसाची ऊब भुई फार शोषून घेते, म्हणून खालीं कोरडें पाचट पसरून त्यावर गोधडी अंथरणें हें मोठ्या शहाणपणाचें असतें. प्लॅस्टिक वारा अडवितें खरें, परंतु रात्रभराच्या श्वासांतील वाफ त्यावर थंड होते आणि पहांटे तिचे थेंब पांघरुणावर गळतात. ओली गोधडी उबेचें काम करीत नाहीं. आणि सारेंच घर उजाडण्यापूर्वीं फडावर गेलें, तर ती उन्हांत घालावयाची कोणी?

राहतां राहिला विस्तव. पाचट भडकन् पेटतें आणि तसेंच लौकर विझतें. त्याची शेकोटी पहांटेपर्यंत पुरत नाहीं. शिवाय घराच्या भिंतीच पाचटाच्या, तेव्हां एक ठिणगी उडाली तरी सर्वस्व जावयाचें. निखारे आंत घेऊन दार झांकावें, तर त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु वासावांचून प्राण घेतो. हें संकट कोपीपुरतेंच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवून खिडक्या लावून घेण्याची चाल सुशिक्षित घरांतूनही कोठें कोठें आढळते; ती तितकीच घातक आहे.

कोपींतील बाईचा दिवस पहांटे तीन-चारलाच सुरू होतो. भाकरी थापून, तान्हें मूल झोळींत घालून ती नवऱ्याबरोबर फडावर जाते. तो ऊंस तोडतो. ती पाचट साफ करून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीकडे नेते. वाढे बैलांसाठीं राखावयाचे, सरपण व पाणी आणावयाचें, आणि सांज झाली कीं पुन्हां चूल. पुरुष भरलेली गाडी घेऊन कारखान्याच्या गाडीतळावर रात्रभर थांबला, तर रानांतल्या कोपींत ती आणि मुलें एवढींच उरतात.

विलायतेंतील कालव्यांवर अशीच एक जात नांदत होती. तेथील मालवाहू होडी सुमारें सात फूट रुंद. तिच्या शेवटच्या टोकास दहा फूट लांबीची एक खोली, तींत कोळशाची लोखंडी शेगडी आणि सारें कुटुंब. या लोकांचे हाल जॉर्ज स्मिथ नांवाच्या गृहस्थानें वेशीवर टांगले, आणि १८७७ सालीं पार्लमेंटनें कायदा केला. ज्या होडींत माणसें राहतात तिची राहतें घर म्हणून नोंद व्हावी, आंत किती जणांनीं राहावें हें ठरावें, आणि जेथें होडीची नोंद तेथलीं रहिवासी समजून मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था व्हावी, असा त्याचा आशय होता. १८८४ सालीं तपासणीची तरतूद अधिक बळकट झाली. होडी चालतच राहिली; परंतु ती घर आहे हें राष्ट्रानें मान्य केलें.

आमच्या मतें कोपीविषयीं हाच विचार पुढें आला पाहिजे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें ऊंसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठीं वसतिगृहांची योजना मंजूर केली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तान्हीं मुलें वसतिगृहांत जात नाहींत. तीं आईबरोबर कोपींतच वाढतात. म्हणून कोरडी जमीन, वाऱ्यापावसास न डगमगणारें छप्पर, जवळ पाणी, दिवा आणि बायकांसाठीं आडोसा, एवढें तरी ऊंस गाळणारानें तळावर पुरविलें पाहिजे. आणि तें पुरविलें कीं नाहीं हें हंगामाच्या आरंभींच कोणीं तरी येऊन पाहिलें पाहिजे. हें दान नव्हे. गाळपाचा तो रास्त खर्च आहे. संक्रांतीस आपण तिळगूळ वांटतों ते दिवस फडावर ऐन हंगामाचे असतात, आणि आपल्या घरांतील साखर ज्या हातांनीं तोडलेल्या उंसाची, ते हात त्याच रात्रीं शेकोटीवर धरलेले असतात. त्यांच्या माथ्यावर कोरडें छप्पर असावें, ही मागणी कांहीं मोठी नव्हे.