विमानातील आपत्कालीन घसरपट्टीचे अनवधानाने उघडणे : दाराची सुरक्षितता आणि मानवी प्रमाद

प्रस्तावना :

विमान थांब्यावर येऊन उभे राहिले की ध्वनिक्षेपकावरून केबिन कर्मचाऱ्यांना एक सूचना दिली जाते. दारे 'मॅन्युअल' स्थितीत आणावीत आणि परस्पर तपासणी करावी, असा तिचा आशय असतो. सामान काढण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशांचे तिकडे लक्ष नसते. परंतु या सूचनेच्या पालनात एका दारापाशी चूक झाली, तर दार उघडताच आपत्कालीन घसरपट्टी बाहेर झेपावते व काही सेकंदांत फुगते. दाराबाहेर उभा असलेला कामगार जखमी होऊ शकतो आणि विमानाचे पुढील उड्डाण खोळंबते. अशा प्रसंगी संबंधित कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवले जाते. ही चूक केवळ व्यक्तीची नसून दाराच्या हेतुपुरस्सर केलेल्या रचनेतच तिचे बीज आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घसरपट्टीची आवश्यकता :

विमानातील आगीत धूर हा ज्वाळांइतकाच घातक असतो. १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाध येथे सौदिया कंपनीचे लॉकहीड ट्रायस्टार विमान आग लागल्यावर सुखरूप उतरले. परंतु दारे वेळेत उघडली गेली नाहीत आणि विमानातील सर्व ३०१ जण मृत्युमुखी पडले. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या एअरबस ए-३५० विमानातून, आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी असतानाही, सर्व ३७९ जण घसरपट्ट्यांवरून बाहेर पडले.

अमेरिकी व युरोपीय नियमांनुसार निम्मी दारे बंद असतानाही पूर्ण भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता येते, हे मोठ्या प्रवासी विमानाच्या निर्मात्याला सिद्ध करावे लागते. दाराचा उंबरा जमिनीपासून ६ फुटांहून (१.८३ मीटर) अधिक उंच असल्यास खाली उतरण्याचे साधन बंधनकारक आहे. दार उघडत असतानाच ते आपोआप बाहेर पडले पाहिजे आणि सर्वसाधारणतः ६ सेकंदांत पूर्णपणे उभे राहिले पाहिजे.

रचना व कार्य :

घडी घातलेली घसरपट्टी दाराच्या आतल्या बाजूस खालच्या पेटीत असते. तिच्या एका टोकाला 'गर्ट बार' नावाचा धातूचा दांडा जोडलेला असतो. उड्डाणापूर्वी हा दांडा उंबऱ्याजवळच्या खाचांत अडकवला की दार 'सज्ज' होते. या स्थितीत दार उघडल्यास घसरपट्टी पेटीतून ओढली जाते, नळकांड्यातील संपीडित वायू मोकळा होतो आणि तो आजूबाजूची हवाही आत खेचून घेतो. विमान थांब्यावर आल्यावर दांडा खाचांतून सोडवला, म्हणजे दार नेहमीप्रमाणे उघडता येते. बोइंग ७३७ मध्ये हा दांडा हाताने बसवावा लागतो, तर एअरबस ए-३२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र तरफ असते. ए-३२० चे सज्ज दार आतून उघडू लागल्यास संपीडित वायूचा दाबही ते ढकलण्यास साहाय्य करतो. त्यामुळे चूक लक्षात येईपर्यंत ती सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

चूक कशी होते? :

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मानवी प्रमादांच्या वर्गीकरणात 'विस्मरण' आणि 'कृतीतील घसरण' असा भेद केला आहे. दार असज्ज करायचे राहून जाणे हे विस्मरण होय. दार असज्ज करण्याच्या हेतूने हात पुढे करून उघडण्याचाच दांडा उचलणे ही कृतीतील घसरण होय. दोन्हींत हेतू योग्यच असतो. दिवसातून अनेकदा केलेली कृती सवयीची होते आणि सवयीच्या कृतीवर मनाचा पहारा सैल असतो. त्यात रात्रपाळीचा थकवा, प्रवाशांची घाई किंवा सज्ज केलेले दार ऐन वेळी पुन्हा उघडण्याचा प्रसंग यांची भर पडते. परस्पर तपासणीचाही उपचार होऊ शकतो. प्रत्यक्ष न पाहता 'तपासले' असे उत्तर दिल्यास दुसरा पहारेकरी असूनही नसल्यासारखाच ठरतो.

दाराशी निगडित दुसरा धोका :

उंचावर केबिनमधील दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचास सुमारे ८ पौंडांनी अधिक असतो. दीड चौरस मीटरच्या दारावर हा भार ८ टनांच्या आसपास जातो. म्हणून तेथे कोणीही दार उघडू शकत नाही. जमिनीजवळ मात्र हे संरक्षण उरत नाही. २६ मे २०२३ रोजी दक्षिण कोरियातील देगू येथे उतरण्याच्या बेतात असलेल्या एशियाना कंपनीच्या ए-३२१ विमानाचे दार एका प्रवाशाने सुमारे २१३ मीटर उंचीवर उघडले. जमिनीवर दाब शिल्लक राहिला, तर धोका वेगळाच असतो. नोव्हेंबर २००० मध्ये मायामी येथे अमेरिकन एअरलाइन्सच्या ए-३०० विमानाचे दार आपत्कालीन प्रसंगी उघडताना आतील दाबामुळे केबिन कर्मचारी बाहेर फेकला जाऊन मरण पावला. दारावरील प्रत्येक खूण वाचणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते.

उपाययोजना :

दार उघडणे कठीण करणे हा उपाय नव्हे. तो रियाधच्या दिशेने नेणारा आहे. उघडण्याची सुलभता कायम ठेवून चुकीची जाणीव आधी करून देणे, हीच योग्य दिशा होय. ए-३२० मध्ये सज्ज दाराचा दांडा आतून उचलू लागताच पांढरा दिवा लागतो, तर दाब शिल्लक असल्यास तांबडा दिवा लुकलुकतो. बोइंग ७३७ मध्ये सज्ज दाराच्या खिडकीवर तांबडा पट्टा आडवा लावतात. ए-३२० सह अनेक विमानांत दार बाहेरून उघडल्यास घसरपट्टी आपोआप असज्ज होते. यांच्या जोडीला दांड्याला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबणे, खूण बोटाने दाखवून मोठ्याने उच्चारणे आणि सहकाऱ्याने ती प्रत्यक्ष पाहणे, या साध्या सवयी उपयुक्त ठरतात. जपानी रेल्वेत बोट दाखवून उच्चार करण्याची अशी पद्धत रूढ आहे.

निष्कर्ष :

अनवधानाने उघडलेली घसरपट्टी ही सुटकेच्या सुलभतेची किंमत आहे. ती कमी करता येते, परंतु सुलभता गमावून नव्हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात-अन्वेषणाचा उद्देश दोषारोप नसून प्रतिबंध हा आहे. शिक्षेच्या भीतीने चूक लपवली गेली, तर तिच्यापासून मिळणारा बोधही लपतो. चोरीच्या भयाने आपत्कालीन दाराला कुलूप लावणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ते आपले वसतिगृह असो वा प्रयोगशाळा, या विमानाच्या दाराकडे एकदा पाहावे.