माहितीची मालकी आणि राखण

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा पट्टा एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जात असे. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे आणि महापे येथे, माहिती साठविणाऱ्या संगणकांची प्रचंड केंद्रे उभी आहेत. २०२० साली पनवेलजवळ आणखी एका मोठ्या केंद्राची भर पडली. लक्षावधी लोकांची छायाचित्रे, पत्रे व हिशेब अशा बंदिस्त इमारतींत राहतात. त्याच नवी मुंबईत एखादा हौशी गृहस्थ आपल्या कुटुंबापुरता असाच एक लहानसा संगणक कपाटावर ठेवून अहोरात्र चालवितो, तेव्हा शेजाऱ्यांना ते वेड वाटते. ते वेड समजून घेण्याजोगे आहे.

ह्या घरगुती सर्व्हरचे काम साधे असते. घरातील छायाचित्रे, कागदपत्रे, गाणी तो सांभाळतो आणि घरच्या प्रत्येकाला मोबाइलवर मागितल्याबरोबर पुरवितो. त्यासाठी जुना संगणकही चालतो. लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. दहा वॉट घेणारे लहान यंत्र महिनाभर अखंड चालले तर सुमारे ७ युनिट वीज लागते. साठ वॉट घेणाऱ्या जुन्या संगणकाला ४३ लागतात. म्हणजे फुकट मिळालेले यंत्र विजेच्या बिलातून आपली किंमत वसूल करते.

मग हा खटाटोप कशासाठी? २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले आणि तेथे जमलेली मंडळी पांगली. १ जून २०२१ पासून गूगलने छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण थांबविली. ह्यात बेकायदा काही नव्हते. दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवलेले सामान ओसरीच्या मालकाच्या सोयीने हलते, एवढेच त्यातून दिसले. घरी सर्व्हर ठेवणारा ह्या सोयीच्या अधीन राहू इच्छित नाही.

परंतु मालकीबरोबर राखणही आली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईची वीज कित्येक तास गेली. मोठ्या केंद्रांपाशी अशा वेळी जनित्रे असतात. घरी फार तर इन्व्हर्टर. खाडीकाठची दमट हवा यंत्रांना मानवत नाही, आणि कोणतीही हार्ड डिस्क केव्हा तरी बंद पडतेच. म्हणून जाणकार तीन प्रती ठेवावयास सांगतात : दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, मग ती गावाकडच्या घरी का असेना. आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. सारे संकेतशब्द एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असतील, तर त्याच्या पश्चात कुटुंबाला आपलीच छायाचित्रे परकी होतील. ते लिहून घरच्यांना सांगून ठेवणे हाही राखणीचाच भाग होय.

अडचण दाराचीही आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिला जातो. चाळीला पत्ता आहे, पण खोलीला क्रमांक नाही, अशी ही स्थिती. बाहेरच्याला खोली सापडत नाही. नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत, पण दार उघडताच कुलूप चाचपणारी यंत्रे जगभरातून येऊन थडकतात. जो दर आठवड्यास प्रणालीची डागडुजी करणार नाही, त्याने दार बंदच ठेवावे. घरातल्या घरात वापरलेला सर्व्हरही पुष्कळ उपयोगी पडतो.

ह्या हौसेचा खरा लाभ शाळांना होऊ शकेल. किविक्स ह्या विनामूल्य साधनाने, २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया एका संगणकात साठवून इंटरनेटवाचूनही वर्गात वाचता येतो. अडगळीत पडलेला एक संगणक, चिकाटीचा एक शिक्षक आणि चार उत्सुक विद्यार्थी एवढ्यावर हे काम सुरू होते. आपली माहिती कोठे राहते, तिची किल्ली कोणाकडे असते आणि ती राखण्यास किती श्रम पडतात, हे त्या मुलांना पुस्तकाआधी कळेल. पुढे त्यांनी आपली माहिती ऐरोलीच्या केंद्रात ठेवावी की कपाटावर, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मात्र ते समजून ठरवावे.