पाळी, गोळी आणि ‘साचलेले’ रक्त

मजुरीचे दर आणि बोनस सोडून आम्ही ह्या विषयाला हात घातला, ह्याचे कारण हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधली कामगार भगिनी. तिने सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’चे इंजेक्शन घेतले होते. दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळी थांबली. “भाऊ, सासू म्हणते, रगत पोटात साचून रायलं. आता तिसरं घेऊ का नको?” आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे वाचनालयात झालेले. उत्तर ठाऊक नव्हते. तिला दवाखान्यात धाडले आणि आम्ही पुस्तके काढून बसलो.

वर्ध्याला हा विषय नवा नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर येथे गांधीजींना भेटल्या. बाई साधनांच्या बाजूच्या, गांधीजी संयमाच्या. मते जुळली नाहीत. पुढे बाईंनी जिच्या संशोधनाला चालना दिली, ती गोळी १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मंजूर झाली. ती घ्यावी की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावे; पण घेतल्यावर शरीरात काय घडते ते तिला कोणी सांगतच नाही.

बीजकोशांतून दोन संप्रेरके निघतात. एस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते. बीज सुटले की प्रोजेस्टेरॉन ते टिकवून धरते. गर्भ राहिला नाही, तर दोन्ही घटतात आणि अस्तर रक्तासह गळून पडते. हीच पाळी. त्यात ‘खराब’ रक्त म्हणून काही नसते.

आता ‘माला-एन’चे पाकीट घ्या. त्यात २८ गोळ्या. २१ संप्रेरकांच्या, ७ नुसत्या लोहाच्या. पहिल्या २१ गोळ्यांनी बीज सुटणे थांबते आणि अस्तर पातळ राहते. लोहाच्या आठवड्यात संप्रेरके मिळत नाहीत, म्हणून थोडे रक्त जाते. दिसायला ती पाळीच, पण नेहमीची नव्हे; म्हणून जाणे कमी, दुखणेही बहुधा कमी. पहिले दोन-तीन महिने मध्येच डाग पडतात, गोळी चुकली तरीही पडतात. गोळ्या चुकल्या असतील आणि रक्तही गेले नाही, तर मात्र गर्भाची तपासणी करावी.

इंजेक्शनात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे एकच औषध असते आणि ते तीन महिने पुरते. मध्ये खंड नाही, म्हणून ठरलेले जाणेही नाही. आधी पाळी वेडीवाकडी येते; वर्षभरात साधारण निम्म्या बायकांची थांबते. अस्तरच वाढत नाही, तर साचणार काय? सोडल्यावर पाळी परत येते, मात्र मूल राहायला काही महिने जास्त लागतात. फार अंगावर जाऊ लागले, तर दवाखाना गाठावाच.

तांबीने पाळी वाढते ती तांब्यामुळे. तिच्यात संप्रेरक नसते. आणि महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी लांबवायला दुकानातून आणतात ती गोळी गर्भ रोखण्यासाठी नव्हे. ह्या घोटाळ्यात दिवस राहिलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत.

पस्तिशी उलटून तंबाखू ओढणारीने, रक्तदाब असलेलीने आणि अंगावर पाजणाऱ्या नव्या बाळंतिणीने ‘माला-एन’ डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. पोटरी सुजून दुखली वा छातीत कळ आली, तर गोळी थांबवून लगेच दाखवावे.

त्या भगिनीची तपासणी झाली, गर्भ नव्हता. तिने तिसरे इंजेक्शन घेतले. जिनिंगमध्ये बायांसाठी संडास हवा, ह्या आमच्या अर्जावर सही करताना तिने हसत विचारले, “माझी तं पाळीच बंद हाय, भाऊ. मी करू का सही?” आम्ही म्हटले, बाकीच्या साठ जणींची चालू आहे.