अतिस्थूलता आणि जठरावरील शस्त्रक्रिया



अतिस्थूलतेवरची शस्त्रक्रिया म्हणजे पोटाची चरबी कापून टाकणे, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. चरबी शोषून काढतात ती क्रिया वेगळी. ती शरीराच्या ठेवणीसाठी असते. आम्ही येथे माहिती देत आहोत ती शस्त्रक्रिया जठरावर, म्हणजे अन्नाच्या पिशवीवर करतात.

ती कोणाला लागते? किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. उंची १.६५ मीटर व वजन ११० किलो असेल, तर उत्तर सुमारे ४० येते. यालाच डॉक्टर बीएमआय म्हणतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार हा आकडा ३५ च्या वर असेल, किंवा ३० च्या वर असून मधुमेह असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. आपल्याकडच्या माणसाला कमी वजनातच मधुमेह जडतो, म्हणून आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली धरतात.

आता कुणी म्हणेल, "तोंड आवरलं की झालं, पोट कशाला कापायचं?" पण वजन एवढे वाढल्यावर शरीरच आडवे येते. उपास करून दहा किलो उतरवले, की भूक वाढवणारे द्रव्य रक्तात वाढते आणि गेलेले वजन परत येते. हा केवळ आळशीपणा नव्हे. अशा माणसाची चारचौघांत थट्टा करू नये.

१९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्या आजच्या पद्धतीत जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. भुकेचे ते द्रव्य मुख्यतः या काढलेल्या भागातच तयार होते, म्हणून भूकही मंदावते. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होतात. वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाचा साधारण चौथा हिस्सा उतरतो. पुष्कळांचा मधुमेह आटोक्यात येतो. काहींचा मात्र पुढे उलटतो.

धोकेही सांगितले पाहिजेत. रक्तस्राव, टाक्यातून गळती, पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. पुढे पित्ताशयात खडे होतात. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, रक्त तपासत राहावे लागते. त्यात हयगय केली तर पंडुरोग व हाडांची झीज ठरलेली. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी.

आपण ऊसवाले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर पेलाभर रस किंवा गुळाचा मोठा खडा खाल्ला, तर साखर एकदम आतड्यात उतरते. छातीत धडधड, घाम, चक्कर, जुलाब सुरू होतात. दारूही लवकर चढते.

खर्च मोठा आहे. आरोग्य विमा असल्यास आधी पॉलिसी वाचावी. विमा नियामकाच्या नमुना अटींनुसार वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ व सोबत गंभीर आजार, आणि आधीचे साधे उपचार निष्फळ ठरलेले असावे लागतात.

जमीन गहाण टाकून घाईने दवाखाना गाठू नये. आधी आपल्या डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब, थायरॉईड तपासून घ्यावे. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एवढे जरूर विचारावे : "पुढची पाच वर्षे माझी तपासणी कोण करणार?" नीट उत्तर मिळाले तरच पुढे जावे.